घरचा एबी फॉर्म

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही एकवीस वर्षं मिशिगनमध्ये आहोत, डेट्रॉईटच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात. मिस्टर मोटार कंपनीत इंजिनिअर, वय ४८. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मुलगा अकरावीत, मुलगी सातवीत. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांनी मिशिगनमधून अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेलेल्या श्री ठाणेदारांचं मराठी आत्मचरित्र पाठवलं, आणि तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात एकच: स्टेट हाउसला, म्हणजे इथल्या राज्याच्या विधानसभेला उभं राहायचं, मग दोन-चार वर्षांत काँग्रेस, म्हणजे देशाची संसद. मला वाटायचं, बोलतात नुसतं. मागच्या महिन्यात प्रिंटरवर एक कागद राहिलेला दिसला. घरावर दुसरं कर्ज ८० हजार डॉलर, फोर-ओ-वन-केमधून (निवृत्तीच्या बचतीतून) ६० हजार, नोकरी सोडण्याची तारीख. सगळं होतं त्यावर, माझं नाव सोडून. विचारलं तर म्हणाले, 'सांगणारच होतो.' कोल्हापूरला सासूबाईंना मात्र आधीच सांगून झालंय. त्यांनी भिशीत जाहीर केलंय की मुलगा अमेरिकेत आमदार होणार. नवऱ्याचं स्वप्न मोडणारी बायको मला व्हायचं नाही. पण राहतं घर डोळ्यांदेखत जाऊ देणारीही व्हायचं नाही. काय करू? (नाव छापू नये.)

नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, प्रश्न पैशाचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना 'माझं नाव सोडून' इथे थांबले. तिकडे येतेच. पण आधी राजकारणाचं बोलू, कारण तुमच्या मिस्टरांचा हिशेब सगळाच चुकलेला नाही, आणि जिथे चुकलाय तिथे बोट ठेवून दाखवणारं त्यांना कोणी भेटलेलं दिसत नाही.

आपल्याकडे आमदारकीला उभं राहायचं तर निम्मं आयुष्य तिकिटाच्या रांगेत जातं. मुंबईच्या खेपा, श्रेष्ठींच्या बंगल्याबाहेर ताटकळणं, आणि शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म हातात पडतो की शेजारच्या गल्लीतल्या भाऊंच्या हातात, ही धाकधूक. अमेरिकेत एबी फॉर्म ही भानगडच नाही. पक्षाचा उमेदवार कोण, हे प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या आधीच्या निवडणुकीत, मतदार ठरवतात. मिशिगनमध्ये ती ऑगस्टमध्ये होते, आणि स्टेट हाउसच्या प्रायमरीत उतरायला शंभर डॉलर भरायचे, नाहीतर मतदारसंघातल्या किमान दोनशे मतदारांच्या सह्या आणायच्या. जिंकलात किंवा दुसरे आलात तर ते शंभर डॉलरही परत. वय २१ पूर्ण हवं. जन्म कोल्हापूरचा असला तरी अडत नाही, नागरिकत्व लागतं. काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहाला नागरिक होऊन सात वर्षं झालेली हवीत, सिनेटला नऊ. जन्माची अट फक्त राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षाला. तेव्हा 'मी उभा राहू शकतो' हे मिस्टरांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. इंजिनिअर माणूस, नियम वाचूनच बोलत असणार.

आता ठाणेदारांबद्दल. पुस्तक वाचून माणूस पेटतो तो गरिबीच्या आणि जिद्दीच्या पानांवर, आणि पेटावं असंच ते आयुष्य आहे. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात, वडील निवृत्त झाल्यावर लहान वयात घरासाठी कमवायला लागले. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एमएस्सी, १९७९ मध्ये अमेरिका, ओहायोत अॅक्रनला पीएचडी. १९८८ मध्ये अमेरिकन नागरिक. मग धंदा. तो वाढवला, २००८ नंतरच्या मंदीत कर्जापायी हातचा गेला, २०१० मध्ये अॅन आर्बरला पुन्हा नवी प्रयोगशाळा काढली आणि २०१६ मध्ये तिचा मोठा हिस्सा विकला.

तुमच्या कागदाशेजारी ठेवून बघायचं ते यानंतरचं. २०१८ मध्ये ते थेट मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. स्वतःचे एक कोटी डॉलरहून जास्त ओतले. तीन उमेदवारांत तिसरे आले, मतं १८ टक्क्यांच्या आत. ग्रेचन व्हिटमर जिंकल्या. एवढं हरल्यावर माणूस घरी बसतो. हे अॅन आर्बर सोडून डेट्रॉईटला राहायला गेले, २०२० मध्ये तिथल्या स्टेट हाउसच्या जागेला उभे राहिले आणि जिंकले. तेव्हा वय ६५. एकच मुदत काढली, दोन वर्षांची. २०२२ मध्ये काँग्रेसचे मतदारसंघ नव्याने आखले गेले. रशिदा तलीब (त्याही आधी स्टेट हाउसमध्येच होत्या) शेजारच्या बाराव्या मतदारसंघात गेल्या, दुसऱ्या खासदार ब्रेंडा लॉरेन्स निवृत्त झाल्या, आणि तेरावी जागा मोकळी पडली. प्रायमरीत नऊ जण. मतं फुटली. ठाणेदार २८ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन पुढे निघाले, आणि डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला असल्याने नोव्हेंबर सोपा गेला. जानेवारी २०२३ पासून ते वॉशिंग्टनमध्ये, २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले.

या सगळ्यात स्वतःचा पैसा होताच, भरपूर. उमेदवाराने स्वतःवर किती खर्च करावा याला तिकडे मर्यादाच नाही, सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्येच तसं ठरवून टाकलंय. पण तो पैसा कुठला होता? मुलं मोठी झाल्यावर, कंपनी विकून आलेला, वयाच्या साठीनंतरचा. एक कोटी गेले आणि माणूस दुसऱ्या निवडणुकीला उभा राहिला, म्हणजे ते एक कोटी गेल्याने चूल विझली नव्हती. तुमच्याकडचे १ लाख ४० हजार म्हणजे मुलाचं कॉलेज, डोक्यावरचं छप्पर आणि म्हातारपणची सोय. आकडा लहान आहे म्हणून जोखीम लहान होत नाही. शिवाय साडेएकोणसाठ वर्षांच्या आत फोर-ओ-वन-के मोडलं तर काढलेल्या रकमेवर आयकर, आणि वर १० टक्के दंड. ६० हजार काढले तर ६० हजार हातात पडत नाहीत. कागदावर त्यांनी ६० हजारच धरलेत ना? बघा एकदा.

आणि जिंकले तर काय, हा कॉलम त्या कागदावर नसणारच. मी लिहून देते.

मिशिगनच्या स्टेट हाउसमध्ये ११० सदस्य. एकेकाच्या मतदारसंघात ९१ हजारांच्या आसपास माणसं. काँग्रेसच्या एका मतदारसंघात पावणेआठ लाख. म्हणजे स्टेट हाउसचा सदस्य लोकसंख्येच्या मानाने आपल्या आमदारापेक्षा बराच लहान आणि नगरसेवकापेक्षा मोठा. आमदार निधी नाही, दारात दहा कार्यकर्ते नाहीत. पगार वर्षाला ७१,६८५ डॉलर, कित्येक वर्षं तेवढाच, वर खर्चापोटी थोडा भत्ता. अधिवेशन वर्षभर चालतं, बहुतेक आठवड्यांत मंगळवार ते गुरुवार राजधानी लान्सिंगला. उरलेल्या दिवसांत मतदारसंघातल्या एखाद्या लायब्ररीत नाहीतर कॉफीच्या दुकानात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची: बेकारभत्ता अडकलाय, रस्त्यात खड्डे, गाडीचा विमा परवडत नाही. पाच जण आले तर पाच, कधी एकच आजोबा येतात आणि पाऊण तास बोलतात. नोकरी सांभाळून हे जमत नाही. नोकरी सोडण्याची तारीख मिस्टरांनी घातलीय ती त्या दृष्टीने बरोबरच आहे, फक्त पगारातली घट त्यांनी किती वर्षांसाठी धरलीय ते विचारा. मुदत दोन वर्षांची असते. निवडून आलेला माणूस पहिल्या हिवाळ्यात कामाला लागतो आणि दुसऱ्या वसंतात पुन्हा शंभर डॉलर भरायला जातो.

प्रत्येक राज्यात असंच असतं असंही नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये ४०० सदस्य आणि पगार वर्षाला शंभर डॉलर. हो, शंभरच. टेक्सासमध्ये महिना ६०० डॉलर आणि दोन वर्षांतून एकदा १४० दिवसांचं अधिवेशन. न्यूयॉर्कात वर्षाला १ लाख ४२ हजार. कोणत्या राज्यात राहतो यावर संसाराचं गणित ठरतं, आणि तुम्ही पडलात मिशिगनमध्ये, जिथे काम पूर्णवेळेचं आणि पगार अर्धवेळेचा वाटावा असा.

आता 'दोन-चार वर्षांत काँग्रेस' या वाक्याकडे येते. त्यासाठी मेरीलँडमधली एक गोष्ट सांगते. त्यात एक बर्वे आहेत.

कुमार बर्वे. आडनाव ऐकून आपण कान टवकारतोच. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळावर निवडून आलेले भारतीय वंशाचे पहिले गृहस्थ, १९९० मध्ये. मेरीलँडच्या कनिष्ठ सभागृहात १४१ सदस्य असतात, त्यांतले एक. रॉकव्हिल आणि गेथर्सबर्गचा भाग. तिथलं अधिवेशन जानेवारी ते एप्रिल, ९० दिवसांत आटोपतं, त्यामुळे लोक नोकरीधंदा सांभाळून आमदारकी करतात. बर्वे ३२ वर्षं तिथे होते. २००३ पासून बारा वर्षं बहुमताच्या पक्षाचे सभागृहनेते, पुढे पर्यावरण आणि वाहतूक समितीचे अध्यक्ष. आपल्याकडे इतक्या वर्षांत माणसाच्या नावाचा साखर कारखाना झाला असता.

२०१६ मध्ये काँग्रेसची एक जागा मोकळी झाली आणि बर्वे प्रायमरीत उतरले. समोर कोण कोण? जेमी रॅस्किन: कायद्याचे प्राध्यापक, दहा वर्षं राज्याच्या सिनेटमध्ये, फाशीची शिक्षा रद्द करण्याच्या लढाईत पुढे असलेले. कॅथलीन मॅथ्यूज: वर्षानुवर्षं टीव्हीवर बातम्या देणाऱ्या, घराघरात चेहरा ओळखीचा. आणि डेव्हिड ट्रोन: दारूच्या दुकानांच्या साखळीचे मालक. त्यांनी त्या एका प्रायमरीत स्वतःचे एक कोटी वीस लाख डॉलरहून जास्त खर्च केले. जिंकले रॅस्किन. ट्रोन दुसरे. बर्व्यांना मिळाली दोन-अडीच टक्के मतं.

हे मी मिस्टरांना घाबरवायला सांगत नाही. पैसा हरला आणि काम जिंकलं, असं म्हणून टाळी घ्यायलाही नाही, कारण तेच ट्रोन दोन वर्षांनी शेजारच्या मतदारसंघातून काँग्रेसमध्ये गेले, आणि काम तर बर्व्यांचंही होतं. मला त्यातली एक बारीक गोष्ट दाखवायची आहे. मेरीलँडमध्ये राज्याच्या निवडणुका चार वर्षांनी होतात, २०१४, मग २०१८. म्हणजे २०१६ ची प्रायमरी हरूनही बर्वे आपल्या खुर्चीत कायम. नंतरही २०२३ पर्यंत ते तिथेच होते, मग राज्याच्या वीज-गॅसचे दर बघणाऱ्या आयोगावर गेले. मिशिगनच्या हाउसमध्ये ही सोय नाही. तिथे दर दोन वर्षांनी, काँग्रेसच्याच दिवशी निवडणूक. काँग्रेसला उभं राहायचं तर हातातली जागा सोडावी लागते. ठाणेदारांनी २०२२ मध्ये ती सोडली. तुमचे मिस्टर सोडतील तेव्हा मागे नोकरी नसेल आणि घरावर दुसरं कर्ज असेल. राज्याच्या निवडणुकीसाठी गोळा केलेला निधीही काँग्रेसच्या निवडणुकीत वापरता येत नाही, झोळी पहिल्यापासून भरायची. 'मग काँग्रेस' हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत.

आणि पोचल्यावर? ठाणेदार लान्सिंगला होते तेव्हा हाउसमध्ये बहुमत रिपब्लिकनांचं. वॉशिंग्टनला गेले तेव्हा तिथेही रिपब्लिकनांचं. अल्पमतातला सदस्य विधेयकं मांडतो, समितीत प्रश्न विचारतो, मतदारसंघातल्या लोकांची व्हिसाची, पेन्शनची, लघुउद्योगाच्या कर्जाची कामं करतो. २०२५ च्या वसंतात ठाणेदारांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा प्रस्ताव मांडला, मेमध्ये मतदानाला रेटण्याची घोषणा केली, आणि स्वपक्षातूनच नाराजी आल्यावर मतदान न घेता थांबले. ते बरोबर की चूक हा माझ्या सदराचा विषय नाही. पण ४३५ जणांत एकट्या माणसाच्या हातात किती असतं, ते त्या आठवड्यात दिसलं. मिस्टरांना हे काम आवडेल का? पेन्शनच्या फायली, समितीतली पाच मिनिटं? ठाणेदारांना पैसा पुरला असेल, पण सत्तरीत रोज उठून हे करायला पैसा पुरत नाही. ती आवड त्यांना आहे, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावं.

आता घराबद्दल.

बराक ओबामा १९९७ पासून इलिनॉयच्या स्टेट सिनेटमध्ये होते. घर शिकागोत, विधानभवन स्प्रिंगफील्डला, दोनशे मैलांवर. जोडीला विद्यापीठात कायदा शिकवायचे. २००० मध्ये त्यांनी काँग्रेसमधल्या बॉबी रश यांच्याविरुद्ध प्रायमरी लढवली. मिशेल ओबामांना राजकारण कधीच फारसं आवडलं नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. त्या प्रायमरीच्या आधीच्या डिसेंबरात कुटुंब हवाईला आजीकडे गेलं होतं. थोरली, म्हणजे तेव्हाची एकुलती एक मुलगी, दीड वर्षांची, तापाने फणफणली. नेमकं त्याच वेळी स्प्रिंगफील्डला बंदुकांविषयीच्या विधेयकावर तातडीचं मतदान लागलं. ओबामा मुलीपाशी थांबले. विधेयक थोडक्या मतांनी पडलं, वर्तमानपत्रांनी झोडलं, आणि रश यांनी त्यांना दुपटीच्या फरकाने हरवलं. त्याच उन्हाळ्यात पक्षाच्या अधिवेशनासाठी ते लॉस एंजेलिसला उतरले, विमानतळावर भाड्याची गाडी घ्यायला गेले, तर क्रेडिट कार्ड चाललं नाही. ही गोष्ट त्यांनीच सांगितलेली आहे. चार वर्षांनी ते काँग्रेसच्या सिनेटवर निवडून गेले आणि पुढचं जग जाणतं, पण त्या काउंटरसमोर उभं असताना पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. मिशेलबाईंना तर नाहीच. हप्ते मात्र ठाऊक होते.

माझ्या घरातली सांगते. १९९६ च्या सुमारास माझे दीर एका छोट्या नगरपालिकेला अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं शिवणयंत्र. आम्ही सगळ्यांनी खळ शिजवून पोस्टरं चिकटवली, मुलांनी गल्लीत घोषणा दिल्या, मजा आली खरं तर. अनामत जप्त झाली. पण घरात अजून जे निघतं ते अनामतीचं नाही. जाऊबाईंच्या पाटल्या त्यांनी न विचारता कपाटातून काढून गहाण ठेवल्या होत्या. सोडवायला सहा वर्षं लागली. जाऊबाई आजही सांगतात, 'मागितल्या असत्या तर मी स्वतः काढून दिल्या असत्या.' आणि मला खात्री आहे, त्यांनी दिल्या असत्या.

तुमच्या पत्रात मला त्या पाटल्या दिसल्या. सासूबाईंना आधी कळलं, भिशीला आधी कळलं, प्रिंटरला आधी कळलं. तुम्ही विचारताय, मी स्वप्न मोडणारी ठरेन का. अहो, तुम्हाला त्या स्वप्नात घेतलेलंच नाही, तुम्ही मोडणार काय? हे आधी बोला. पैशाच्या आधी. राजकारणाचा शब्द न काढता. मुलं झोपल्यावर तो कागद दोघांच्या मध्ये ठेवा आणि एवढंच विचारा की यावर माझं नाव का नाही. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागेल. लागू द्या. त्यांना वाटत असेल की तुम्ही नाहीच म्हणाल, म्हणून टाळलं. पुष्कळ नवरे असेच घाबरट असतात, दुष्टपणा नसतो त्यात. पण ज्याला स्वतःच्या बायकोसमोर आपली उमेदवारी मांडता येत नाही, तो परक्या दारात उभा राहून काय बोलणार? तिकडे प्रचार म्हणजे दारोदार जाणं. बेल वाजवायची, कुत्रं भुंकतं, दार अर्धं उघडतं, आणि तीस सेकंदांत आपण कोण ते सांगायचं. पहिलं दार तुमचं.

पैशाबद्दल मी मधला मार्ग सांगणार नाही. घरावर कर्ज नाही, फोर-ओ-वन-केला हात नाही. मुलगा कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत तर नाहीच. खर्च करायचाच तर दोघांनी मिळून एक रक्कम ठरवा, जी बुडाली तर वर्षभर भारतवारी रद्द होईल एवढीच. बाकी लोकांकडून मागून आणू दे. मागण्याची लाज वाटत असेल तर हे क्षेत्र त्यांचं नाही, आणि मागितल्यावर दोनशे माणसं पन्नास-पन्नास डॉलर देत असतील तर तीच त्यांची पहिली मतमोजणी.

ती माणसं कोण, हे मात्र नीट तपासा. अब्राहम लिंकन १८३२ मध्ये इलिनॉयच्या हाउसला पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा हरले, तेराजणांत आठवे. पण स्वतःच्या न्यू सेलम गावात त्यांना ३०० पैकी २७७ मतं होती. दोन वर्षांनी ते निवडून आले. तुमच्या मिस्टरांचं न्यू सेलम कुठलं? ते म्हणतील, महाराष्ट्र मंडळ. तिथे त्यांना सगळे ओळखतात, गणपतीची आरती तेच सांगतात, नाटकाची तिकिटं तेच विकतात. पण मंडळातली माणसं वीस मतदारसंघांत विखुरलेली आहेत. टाळ्या सगळ्यांच्या, मतं दोन-पाच टक्क्यांची. शेजारच्या तीन गल्ल्यांत किती जणांना त्यांचं नाव उच्चारता येतं? मुलीच्या शाळेत किती पालक त्यांना ओळखतात? टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या पंचायतीच्या, बैठकीला ते किती वेळा जाऊन बसलेत? शून्य वेळा असेल तर ते आधी.

मिशिगनमध्ये यासाठी एक झकास जागा आहे, प्रिसिंक्ट डेलिगेट. आपल्याकडच्या बूथप्रमुखासारखी, फक्त नेमलेली नाही, निवडून आलेली. फी नाही, पगार नाही, त्याच ऑगस्टच्या प्रायमरीत मतपत्रिकेवर नाव असतं. आपल्या वस्तीपुरतं पक्षाचं काम आणि जिल्हा अधिवेशनात मत. किंवा शाळेचं मंडळ. तिथे पक्षाचं नाव नसतं, संध्याकाळच्या बैठका असतात, नोकरी सोडावी लागत नाही. बसचे मार्ग, शिक्षकांचा करार, जलतरण तलावाची गळती यांवर तीन-तीन तास चर्चा होते. दोन वर्षं तिथे बसून त्यांचा उत्साह टिकला, घरी येऊन जेवताना ते तलावाच्या गळतीबद्दल डोळे चमकवून बोलायला लागले, तर स्टेट हाउसचा विषय पुन्हा काढा. मग मी तुमच्या बाजूने नाही, त्यांच्या बाजूने लिहीन.

एक अजून, तुमच्यापुरतं. शर्ली चिझम न्यूयॉर्कच्या असेंब्लीत चार वर्षं होत्या आणि १९६८ मध्ये काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. त्यांचे पती कॉनरड खाजगी गुप्तहेर. बायको पुढे, आपण दोन पावलं मागे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९७२ मध्ये बाई राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरल्या तेव्हा सरकारी संरक्षण मिळेपर्यंत हेच अंगरक्षक. असा जोडीदार कुणालाही हवासा वाटेल. पण १९७७ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. कारणात मी शिरत नाही. इतकंच सांगते की तुम्ही आदर्श जोडीदार होण्याची शपथ घेऊ नका. तुम्ही किती द्याल ते आधी बोलून ठेवा: शनिवारी दारोदार जाईन, रविवारी नाही. हिशेब मी बघेन, कारण चेकवर दोघांची सही आहे. मुलीच्या तापाच्या रात्री कोण घरी, ते ठरलेलं असेल.

आणि सासूबाईंचं. पुढच्या रविवारी त्यांचा फोन येईल, भिशीतल्या बायका विचारतायत म्हणून. तो तुम्ही घेऊ नका, मिस्टरांच्या हातात द्या आणि शेजारी बसून राहा. 'आई, आमदारकीचं लांब आहे, आधी शाळेच्या मंडळाला उभा राहतोय,' हे त्यांनी स्वतः कोल्हापूरला सांगायचं. सांगता आलं तर लगेच शनिवारपासून दारं वाजवायला तुम्हीही निघा. पोहे सकाळीच करून ठेवा, तीन तास चालावं लागतं.

तुमची,
ताई